चिलारीच्या माळाची राखण

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत रुद्राणीअक्कांच्या दारावर एक पाटी होती : 'शरणार्थी साहाय्य मंडळ'. ती एकाहत्तर साली लागली. पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार टाकून आपल्या देशात येत होती, तेव्हा अक्कांनी पेठेतल्या बायका जमवल्या आणि घरोघर फिरून कपडे, भांडी, औषधं गोळा केली. तीन खेपा रेल्वेनं कलकत्त्याकडे गेल्या. चौथ्या खेपेची गाठोडी बांधून झाली आणि लढाई संपली. शरणार्थी आपापल्या मुलखात परतू लागले. गाठोडी अक्कांच्या माडीवर राहिली, पाटी दारावर राहिली.

पुढच्या साली सोलापूर जिल्ह्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. दिवाळीपासून खेड्यापाड्यांतली माणसं शहरात उतरायला लागली. स्टेशनामागं, मिलच्या भिंतीकडेला, सावली मिळेल तिथं ती बसू लागली. अक्का एकदा टांग्यातून जात असताना त्यांनी ही माणसं पाहिली. घरी येऊन त्यांनी माडीवरची गाठोडी खाली काढायला लावली. बंद पडलेल्या एका कापूस-जिनाची गोदामं मालकाच्या मागं लागून उघडून घेतली आणि माणसांना तिथं आसरा दिला. पाटी बदलायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

अशा रीतीनं हुलगेवाडीची राजाबाई शरणार्थी झाली.

राजाबाई अक्कलकोट तालुक्यातली धनगराची बाई, वय तिशीच्या आसपास. थोरली लेक सासरी नांदत होती, धाकटी मामाकडं होती. दरवर्षी ती नवऱ्याबरोबर मेंढरांमागं फिरायची. पण या साली सासू केराबाई आजारी पडली आणि राजाबाईला घरी राहावं लागलं. नवरा बिरप्पा दीडशे मेंढरं घेऊन कृष्णेपलीकडं, रायचूरच्या बाजूला निघून गेला. "पाला घावंल तितं ऱ्हाईन, मिरगाला माघारी येतो," एवढं सांगून गेला. तो गेला आणि दोन महिन्यांत वाडीची विहीर आटली. मग सासू-सुना डोक्यावर बोचकी घेऊन सोलापूरला आल्या.

जिनाच्या दारात नावं लिहून घ्यायला चन्नवीर मास्तर बसले होते. मास्तर मूळचे शेतकी शाळेतले. ती नोकरी सुटल्यावर मंडळाचं काम बघत. त्यांनी गाव विचारलं, जात विचारली, आणि म्हणाले, "शरणार्थी म्हणून लिहितो."

"काय म्हनून?" केराबाईनं विचारलं.

"शरणार्थी. म्हणजे शरण आलेली माणसं."

म्हातारी आजारातनं उठलेली, पण ताठ झाली. "आमी कुनाला शरन आलो न्हाय. आमचं गाव हाय, घर हाय. पानी तेवढं न्हाय."

मास्तरांना तिला दुखवायचं नव्हतं. "आजी, शब्द वाईट नाही हो. आमच्या लिंगायतात तर शरण म्हणजे संत."

"मंग आमी संत हाव का भिकारी? एक काय ते सांगा की."

मास्तरांनी पेन थांबवला. तेवढी जागा मोकळी सोडून त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं.

जिनातले पहिले दिवस राजाबाईला काही कळेनासे गेले. मिलचा भोंगा झाला की ती उठून उभी राहायची. तिला वाटायचं, आपल्यालाच कुठं तरी बोलावताहेत. शेजारच्या बाया तेलगू बोलायच्या, कोपऱ्यावरचा दुकानदार मुसलमानी बोलीत बोलायचा, मास्तर मधूनच कानडीवर जायचे. कानडी तिला समजायची, पण शहरात ती ऐकली की कुठल्या गावात आहोत तेच उमगायचं नाही. दक्षिणेकडून कुणीही आलं की ती बिरप्पाची चौकशी करायची. एकानं सांगितलं, शोरापूरजवळ भेटला, मेंढरं बरी आहेत. दुसऱ्यानं सांगितलं, त्या बाजूला गेलेली सगळी मेंढरं रोगानं मेली. तिसऱ्यानं सांगितलेला बिरप्पा एका डोळ्यानं अधू होता, म्हणजे तो तिचा नव्हेच. यातलं काय धरावं आणि काय सोडावं हे तिला ठरवता येईना. केराबाई म्हणायची, "बरं सांगितलं तेवढं धर." पण म्हातारीही झोपेत लेकाचं नाव घ्यायची.

माघ महिन्यात मंडळाला काम मिळालं. शहरापासून सात-आठ मैलांवर, अक्कलकोटच्या रस्त्याला जरा आत, चिलारीचा माळ नावाचं गायरान होतं. वरची माती वाहून गेलेली, नुसता मुरूम आणि चिलारीची काटेरी झुडपं. गावच्या पंचायतीनं तो काही वर्षांसाठी मंडळाच्या हवाली केला. चर खणायचे, बांध घालायचे, झाडं लावायची. जिनातल्या माणसांना काम आणि माळाला जीव, असं अक्कांच्या मनात होतं.

ट्रकमधून उतरल्या उतरल्या राजाबाई ओरडली, "आत्ती, ह्यो तर आपला माळ!"

खरंच होतं. सीनेकाठची रानं संपली की दरवर्षी आषाढात घरी जाताना त्यांची मेंढरं याच माळावर पंधरा दिवस बसायची. बिरप्पाच्या बापापासून, आज्यापासून. राजाबाईनं हात पसरून सगळीकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिला आपण कुठं उभ्या आहोत हे नीट कळलं.

मास्तरांनी तिला नळी धरायला शिकवलं. पाण्यानं भरलेली ती लांब, आरपार दिसणारी नळी. एक टोक मास्तरांच्या हातात, दुसरं पन्नास पावलांवर राजाबाईच्या हातात. दोन्हीकडचं पाणी एका उंचीला आलं की तिथं खुंटी ठोकायची. खुंट्याखुंट्यांवरून चर खणायचा, म्हणजे पाणी वाहून न जाता चरातच थांबतं. पहिल्या दिवशी तिला ही जादूच वाटली. "त्या टोकाच्या पान्याला ह्या टोकाचं कसं वं कळतं?" तिनं विचारलं. मास्तर सांगू लागले आणि अर्ध्यावर हसले. "कळतं एवढं खरं," ते म्हणाले. आठ दिवसांत ती माळाचा उतार नुसत्या पायांनी ओळखू लागली. नळी लावायच्या आधीच खुंटीची जागा सांगायची आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघायची.

फाल्गुनात अक्कांनी माळाच्या वाटेवर एक पत्र्याची पाटी लावून घेतली. वाचता न येणाऱ्यांना कळावं म्हणून तिच्यावर चित्र काढलं होतं : एक पांढरं मेंढरू आणि त्याच्या अंगावर तांबड्या रंगाच्या दोन आडव्यातिडव्या रेघा.

राजाबाई चित्र बघून खूश झाली. "आत्ती, बगा. मेंढराला तांबडी खून केलीया. कुनाचा कळप म्हनायचा ह्यो?"

केराबाईनं डोळे बारीक केले. "आपली खून मानंवर असती. ही अंगभर हाय. दुसऱ्याची आसंल."

दोघी बराच वेळ अशी खूण कोणत्या वाडीची याचा विचार करत होत्या. शेवटी राजाबाईनं मास्तरांना विचारलं. मास्तरांचा चेहरा पडला.

"राजाबाई, ती खूण नाही. ती फुली आहे. इथं मेंढरं आणायची नाहीत, असं लिहिलंय खाली."

"कुनाची?"

"कुणाचीच. पाच वर्षं तरी."

राजाबाईनं परत चित्राकडं बघितलं. डोक्यावर मातीचं घमेलं होतं ते खाली ठेवायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. "आमची बी?"

"माळ कशानं उजाड झाला? चरून चरूनच की. गवताला वर यायला उसंतच मिळाली नाही."

"आमची मेंढरं आज्यापासनं हितं बसत्यात. आमचं मामंजी सांगायचं, तवा गवत गुडघ्याएवढं हुतं. तवा बी मेंढरंच हुती की. मंग नेमकं कवा खाल्लं त्यांनी?"

मास्तर एकेक कारण मनात मोजू लागले. मेंढरं वाढली होती. गावानं झाडं तोडली होती, वीटभट्ट्यांना लाकूड गेलं होतं. आजूबाजूची कुरणं नांगरली गेली तशी सगळी जनावरं या एकाच माळावर आली होती. "थोडं थोडं सगळ्यांनीच खाल्लं," ते म्हणाले.

"पर फुली मेंढरावरच हाय," राजाबाई म्हणाली आणि कामाला गेली.

त्या दिवशी तिनं काम सोडलं नाही, कारण सोडून जायचं कुठं हे तिला माहीत नव्हतं. शिवाय हातानं खणलेल्या चरांवर तिचा जीव जडला होता, आणि हे चर आपल्याच माणसाला अडवायला खणले जाताहेत हेही आता तिला कळलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचा तिला मेळ लागत नव्हता.

उन्हाळ्यात बाभळीचं बी रुजवायची वेळ आली. मास्तरांनी बी गरम पाण्यात भिजवून बघितलं, तरी शंभरातलं दहाही फुटेना. राजाबाई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी ती त्यांना माळाच्या खालच्या अंगाला घेऊन गेली. तिथं जुन्या बसकीची जागा होती; वर्षानुवर्षं मेंढरं बसल्यामुळं लेंड्यांचा थर साचलेला. तिनं हातानं थर उकरला आणि मूठभर बिया काढून दिल्या.

"मेंढरं श्येंगा खात्यात. बी प्वाटातनं येतं. ह्ये लावा, फुटतं."

ते फुटलं. एकेका वाफ्यात दाट रोपं उभी राहिली. मास्तरांनी अक्कांना ती दाखवली आणि बी कुठलं तेही सांगितलं. अक्का रोपांकडं, मग वाटेवरच्या पाटीकडं बघत राहिल्या.

मृग बरसला, चरांच्या काठानं बाभळीची आणि शिसवीची रोपं लागली, आणि पंधरा दिवसांत जिन रिकामं झालं. ज्याला त्याला पेरणीची घाई. माळावर राखणीला कुणीतरी हवं होतं. अक्का राजाबाईला म्हणाल्या, "तू राहशील? खोपट बांधून देऊ. सासूला घेऊन राहा."

राजाबाईला पेरायला रान नव्हतं, वाडीला जाऊन एकटीनं काय करायचं हा प्रश्न होता. मृग उलटला होता आणि बिरप्पाचा पत्ता नव्हता. तो आला तर वाडीतली माणसं त्याला इकडंच धाडणार. "मालक येईस्तवर ऱ्हाते," ती म्हणाली.

मग माळ उठला. चरांमध्ये पाणी थांबलं, मुरलं, आणि मुरमातून हिरवं वर आलं. आधी कुसळी गवत, मग पवन्या. एके सकाळी चराच्या काठाला बसून राजाबाईनं एक निळसर पातं बोटात धरलं, दातांनी चावलं आणि सासूला हाक मारली.

"आत्ती, मारवेल!"

केराबाई काठी टेकत आली. तिनंही चावून बघितलं. मेंढरांचं सगळ्यात आवडीचं गवत. तिनं ते या माळावर शेवटचं कधी बघितलं होतं तिलाच आठवेना. "आता मेंढरं असती तर..." ती म्हणाली.

राखणीचं काम राजाबाई चोख करायची. गावातली शेरडं आली की हाकलायची, सरपणाला आलेल्या बायांशी भांडायची. एका गुराख्यानं तिला सरळ विचारलं, "धनगरीन असून आमाला शिकवती व्हय?" तिनं त्याच्या म्हशी बाहेर काढल्या.

श्रावणाच्या सुरुवातीला, दुपारी, बिरप्पा आला.

आधी घंटीचा आवाज आला. राजाबाईनं तो लांबूनच ओळखला आणि पळत सुटली. वाटेवर मेंढरं दिसली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, लोकर झडलेली. दीडशेतली चाळीस. मागं बिरप्पा. तो इतका वाळला होता की केराबाईला आधी तो आपला लेक वाटलाच नाही. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडली. तोही रडला. वाडीला जाऊन आलो, घर बंद, रानात अजून तोंड लावायला काही नाही. लोकांनी सांगितलं म्हणून इकडं आलो, असं त्यानं तुटक तुटक सांगितलं. मग त्यानं मान वर केली आणि त्याला माळ दिसला.

"बिरोबा!" तो म्हणाला. "काय गवत हाय गं!"

मेंढरांनीही वास घेतला होता. पुढची चार बांधाकडं धावली. राजाबाई त्यांच्याही आधी पोचली आणि हात पसरून बांधावर उभी राहिली.

"हर्र! मागं! मागं व्हा!"

बिरप्पा हसला. त्याला वाटलं, बायको मेंढरांशी लाडात बोलतेय. "सरक की. उपाशी हायती."

"हितं न्हाय सोडायची."

"काय म्हनलीस?"

"माळ राखनीला हाय. मेंढरं आत घ्यायची न्हाईत."

"कुनाच्या राखनीला?"

"माज्या," राजाबाई म्हणाली.

बिरप्पाला काहीच उमगेना. त्यानं आईकडं बघितलं. "आये, ही काय बोलती?"

केराबाई सुनेवर ओरडली, "आगं, तुजा धनी नऊ म्हैन्यानं आलाय! मेंढरं मराय लागल्यात. सरक बाजूला!" बिरप्पा पुढं झाला, तसं म्हातारीनं त्याचाही दंड धरला. "थांब रं. त्यो मारवेल हाय. लई दिसानं आलाय. एका दिसात मुळासकट जाईल." आणि मग ती मटकन खाली बसली. "मला काय बी कळंना झालंया. तुमीच काय ते ठरवा."

बिरप्पा बायकोसमोर उभा राहिला. आवाज चढवायचीही त्याच्यात ताकद नव्हती. "तू कुनाचं मानूस हाईस?" त्यानं विचारलं.

राजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मेंढरांची नावं तिला पाठ होती. समोर पांढऱ्या तोंडाची मेंढी होती, तिची आई राजाबाईनंच बाटलीनं दूध पाजून जगवलेली. पाठीमागं चर होते. "मला इचारू नगा," ती म्हणाली. "तुमी मेंढरं धरून ऱ्हावा. मी आनते."

तिनं खोपटातून विळा आणला आणि बांधाच्या आत जाऊन गवत कापायला बसली. कापायलाही बंदी होती. बी पडेपर्यंत पात्याला हात लावायचा नाही असं अक्कांनी सांगितलं होतं. तिनं भारेच्या भारे बाहेर टाकले. मेंढरं तुटून पडली. दिवस मावळेपर्यंत ती कापत होती आणि बिरप्पा बांधाबाहेर काठी आडवी धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मास्तर आले. बस फाट्यावर सोडून, चिखल तुडवत. कुणीतरी गावातून कळवलं होतं. अक्कांनी कापलेला पट्टा बघितला, बाहेरची मेंढरं बघितली.

"राजाबाई, हे काय? तुझ्या भरवशावर माळ सोडला आम्ही."

उत्तर बिरप्पानं दिलं. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, माळ कुनाचा हाय?"

"गावाचा. गावानं मंडळाला दिलाय."

"आनि मंडळ कुनासाटी हाय?"

"तुमच्यासाठीच. दुष्काळानं जे उठले त्यांच्यासाठी."

"मंग आमीच भायेर कसं?"

अक्का जिल्हाभर सभांमधून बोललेल्या बाई. पण आता त्या बांधावरच्या दगडावर टेकल्या. लुगड्याचा काठ चिखलात भिजत होता.

"चन्नवीर, मला वाटत होतं माळ वाचला की ही माणसं वाचतील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता माळ वाचवायला यांनाच अडवायचं म्हणजे मी नेमकं काय करतेय?"

"आज सोडलं तर उद्या गावची सगळी जनावरं येतील," मास्तर म्हणाले. "आणि नाही सोडलं तर..." त्यांनी मेंढरांकडं बघितलं. "मलाही सांगता येत नाही, अक्का."

अक्कांनी राजाबाईकडं मान वळवली. "तू सांग. तुला दोन्हीकडचं ठाऊक आहे."

आतापर्यंत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. ना घरात, ना जिनात. "मला न्हाय सांगता यायचं," ती आधी म्हणाली. मग ती एकेक शब्द सापडेल तसा बोलू लागली.

"मारवेलाला हात लावायचा न्हाय. कुसळी हाय ती आता कवळी हाय, मेंढरं खात्यात. म्होरं तिला कुसळं येत्यात, डोळ्यात जात्यात. मंग ती काय कामाची न्हाय. तेवढी कापून घालते. मेंढरं आत न्हाय. त्या खडकाळ अंगाला, जितं काय बी उगावलं न्हाय, तितं बसवायची. लेंड्या पडतील. चार दिस. जरा ताकद आली की ह्यानी घिऊन जातील." ती थांबली. "बराबर हाय का ठावं न्हाय मला."

अक्का बिरप्पाला म्हणाल्या, "चालेल?"

बिरप्पानं खांदे पाडले. "कापून घातलेलं खायाला ती काय म्हशी हायती व्हय?" तो पुटपुटला, पण काठी घेऊन त्यानं मेंढरं खडकाळ अंगाकडं वळवली.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज कडाडली. बिरप्पा कित्येक महिन्यांच्या थकव्यानं बसल्या जागी झोपला होता, राजाबाई पलीकडं कापत होती. मेंढरं बिथरली आणि बांध ओलांडून आत घुसली. दोघांनी मिळून ती बाहेर काढीपर्यंत शिसवीच्या दोन चरांतली रोपं खाऊन झाली होती. उघड्या काड्या तेवढ्या उरल्या.

बिरप्पानं पुढच्या मेंढराला काठीनं मारलं. तो मेंढरांना कधी मारायचा नाही. मग काठी टाकून तो चरात उतरला, पडलेली एक काडी उचलून चिखलात उभी केली, बोटांनी माती दाबली. दुसरी उभी केली. पाऊस सुरू झाला तरी तो करतच होता.

"परत फुटंल का गं?"

"मला ठावं न्हाय," राजाबाई म्हणाली आणि शेजारी बसून तिसरी काडी उभी करू लागली.

आलेल्या पहिल्या माणसाबरोबर तिनंच मास्तरांना निरोप धाडला : दोन चर गेले, चूक आमची. उलट निरोप आला नाही. अक्का रागावल्या होत्या की काय, हे तिला पुष्कळ दिवस कळलं नाही.

पाचव्या दिवशी बिरप्पानं मेंढरं वाडीकडं काढली. केराबाईनं बोचकं बांधलं. त्यानं राजाबाईला विचारलं, "निगायचं न्हवं?"

मालक येईपर्यंत राहीन, असं तीच म्हणाली होती. मालक आला होता. तरी तिचे पाय उचलेनात. "मारवेलाचं बी पडूद्या," ती म्हणाली. "मंग येते."

"का?"

तिनं खूप विचार केला. अक्कांसाठी नव्हतं, माळासाठी म्हणावं तर माळ तिचा नव्हता. "सांगता येत न्हाय. पर आत्ता आले तर रुखरुख लागंल."

बिरप्पा चिडेल असं तिला वाटलं होतं. तो नुसताच गोंधळलेला दिसला, रस्ता चुकलेल्या माणसासारखा. केराबाई म्हणाली, "चल रं. येनार म्हनती तर यील." जाताना म्हातारीनं सुनेच्या हातात आपली काठी दिली, गावच्या शेरडांना हाकलायला बरी पडते म्हणून.

राजाबाई कार्तिकापर्यंत माळावर एकटी राहिली. बिरप्पा दोनदा भेटून गेला, मेंढरं मागं ठेवून. शिसवीच्या काड्यांतल्या निम्म्याशिम्म्या फुटल्या, बाकीच्या वाळल्या. मारवेलाला तुरे आले, पिकले, झडले. मग अक्का आणि मास्तर आले. गावातून एक दुसरी बाई राखणीला मिळाली होती. अक्कांनी माळ हिंडून बघितला, खाल्लेल्या चरांपाशी थोडा वेळ थांबल्या. पुढच्या साली धनगरांना कापणीचं गवत द्यायचं की नाही यावर मंडळात वाद चालला आहे, असं त्यांनी सांगितलं. "काय ठरेल?" मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ठरू दे तर खरं." राजाबाईला त्यांनी जवळ घेतलं आणि तिला बसमध्ये बसवून दिलं.

हुलगेवाडीला ती पोचली तेव्हा ऊन कलत होतं. पदराच्या गाठीत मारवेलाचं बी होतं. घरात न जाता ती घरामागच्या पडीक तुकड्यात गेली, दगड बाजूला करून मातीत बी विस्कटलं, आणि काट्याची फांदी आडवी टाकली. तेवढ्यात बिरप्पा मेंढरं घेऊन त्याच वाटेनं आला. रोजची वाट होती ती.

"हितनं नगा आनू," ती म्हणाली.

"आता हितं बी?"

"व्हय."

"किती दिस?"

"ठावं न्हाय."

बिरप्पा तिच्याकडं, मग त्या उघड्या मातीकडं बघत राहिला. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं. मेंढरं त्याच्या पायांशी खोळंबली होती. त्यानं एकदा मान हलवली, तोंडानं आवाज केला आणि त्यांना ओढ्याच्या लांबच्या वाटेनं फिरवून नेलं.